लिंबाच्या डहाळीची देवी

हे मी चाळीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना नाही, सुनांना नाही, रोज ज्या देवघरापुढे बसते तिथल्या देवांनाही नाही. त्यांना आपलं आपण कळलं असेल तर असो, माझ्या तोंडून गेलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नसाल तर बरंच आहे. आणि ओळखत असाल, म्हणजे आमच्या कुरुंद्याकडचे असाल, तर मग तुम्हीच वाचा.

मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. माझे दात उरलेत सोळा, आणि रोमन देवी परवापरवापर्यंत होत्या अकरा. होय, रोमन! माझ्या जावेने आयुष्यभर प्लास्टिकचे डबे जमवले. मी दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी जमवली, आणि तीही फक्त ज्यांच्यावर बाई आहे अशी. एका बाजूला राजाचं तोंड असतं, दुसऱ्या बाजूला देवी. माझ्या पेटीत राजा खाली, देवी वर — हा नियम. नावं सगळ्यांची पाठ आहेत, पण घरात आम्ही त्यांना पंखवाली, तराजूवाली, शिंगवाली असंच म्हणतो. शिंगवालीच्या हातात फळांनी भरलेलं शिंग असतं, डोक्यावर नसतं — हे नातवंडांना दर वेळी सांगावं लागतं.

रोमची नाणी आपल्या मुलखात कशी? व्यापारातून. जहाजांनी किनाऱ्याला लागली, बैलांच्या पाठीवरून दख्खनभर फिरली, काही जमिनीत गेली, काही बायकांच्या गळ्यात. माझी दहा नाणी रीतसर घेतलेली आहेत. सोनाराकडे मोडीत आलेली, त्याने वितळवायच्या आधी मला दाखवलेली. अकरावं — खरं म्हणजे सगळ्यात पहिलं — त्याचंच बोलायचंय.

पण थांबा. आधी त्या बाईची ओळख करून देते. तिशीतल्या माझी.

आमच्या एमए बाई! इतिहासात एमए, शाळेत शिक्षिका, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला दोरीने बांधलेलं भिंग. भिंग लावून बाई भाजीच्या देठाकडेही बघायच्या. बाजारात कुणाच्या बोटात जुनी अंगठी दिसली की त्या माणसाचा हात धरायच्या — माणूस बिचारा लाजून लाल. सासूबाई म्हणायच्या, “हिला शिकवून काय झालं? सगळं गाव हिला जुनं वाटून राहिलं.” बाईंना वाटायचं, आपला जन्म वसमत तालुक्यात चुकून झाला. अशा बाईला अक्कल सोडून सगळं होतं. हसा, मीही हसते. हसण्यासारखं आहे तोवर हसून घेऊ.

आमच्या शेतात हळद. हळद काढायला आणि शिजवायला जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बायका यायच्या. त्यांतली एक गमलीबाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण मी तिला गमली म्हणायची, अगं-तुगं करायची. ती मला ‘बाई’ म्हणायची, ‘तुमी’ म्हणायची. तेव्हा त्यात काही खटकलं नाही. आता हे लिहिताना हात अडतो.

एक दिवस कढईतली हळद उपसताना ती वाकली आणि तिच्या गळ्यातला काळा दोरा बाहेर आला. दोऱ्यात एक चांदीचं नाणं. भिंग लावायचीही गरज पडली नाही मला. खुर्चीवर बसलेली देवी, एका हातात काठी, एका हातात डहाळी. भोक देवीच्या डोक्याच्या जरा डावीकडे पाडलेलं. रोमची शांतिदेवता! कुरुंद्यात! हळदीच्या कढईवर!

“काय पाहून राहिल्या बाई?” गमलीबाई हसली. “ही याडी हाय आमची.” त्यांच्यात आईला याडी म्हणतात, देवीलाही याडीच. “हिच्या हातात लिंबाचा डहाळा हाय, दिसते का? लेकराले ताप आला का हिलेच पाण्यात धुवून ते पाणी लावतो.” ते नाणं तिच्या आईचं, त्याआधी आजीचं. त्यांच्या घरात लेक सासरी निघाली की आई आपल्या गळ्यातलं सोडून लेकीच्या गळ्यात बांधायची. दर मंगळवारी त्याला हळद लावायची. देवीच्या लुगड्याच्या चुण्यांत पिवळी रेघ बसली होती. तिची लेक जमना तेव्हा बारा वर्षांची, तिथंच शेंगा सोलत बसलेली. “हिच्यासाठी ठेवली,” गमलीबाई म्हणाली.

एमए बाईंनी काय केलं असेल? मोल करून मागितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि तिथंच विषय संपला असता. म्हणून मागितलं नाही. मी चेहरा गंभीर केला — वर्गात करते तसा — आणि सांगितलं, असलं जुनं नाणं जवळ ठेवणं गुन्हा आहे. कुणी पाहिलं, कुठे कळलं, तर पोलिसांची जीप थेट तांड्यावर येईल.

तुम्हाला हे साधं खोटं वाटतं का? साधं नव्हतं. पंचक्रोशीत कुठे शेळी गेली तरी जीप आधी तांड्यावर जायची, आणि मग कोण कोणाचं ऐकतं? गमलीबाईच्या सासऱ्याला असंच एकदा नेलं होतं. तो परत आला तो पाय ओढतच. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर म्हणाले. घराण्यात चालत आलेली वस्तू बाळगणं हा गुन्हा नव्हे, हेही माहीत होतं. शिक्षण असं वापरलं मी.

तिने दोरा दातांनी तोडला. गाठ सुटेना म्हणून. नाणं माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा ते तिच्या अंगाइतकं गरम होतं. “तुमीच भरा बाई सरकारात. आमचं नाव नका सांगू.” मी म्हणाले, नाही सांगणार.

तो शब्द मात्र पाळला! चाळीस वर्षं तिचं नाव कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी एका वर्तमानपत्रात माझा फोटो आला. ‘सासरच्या शेतात सापडलं प्राचीन रोमन नाणं.’ तांड्यावर तेव्हा वर्तमानपत्र पोचत नसे. फोटोत छान चमकावं म्हणून आदल्या दिवशी मी ते चिंच लावून घासलं. जुन्या नाण्याला कधी घासू नये असं मी स्वतः शाळेत शिकवायची — त्या बाईंनी, हो, त्याच बाईंनी, चिंच लावून. हळद बहुतेक निघाली. एका चुणीतली तेवढी राहिली. अजून आहे.

तुम्ही म्हणाल, झालं, सांगितलं की. नाही. हे तर नुसतं दार उघडलं. आत अजून आहे.

गमलीबाई दरवर्षी तुरीच्या पहिल्या शेंगांचं गाठोडं माझ्या ओट्यावर आणून ठेवायची. मी तिला जीपपासून वाचवलं म्हणून. आणि मी त्या शेंगांची आमटी करायची. चांगली व्हायची. चव कशी लागायची — हे विचारू नका, चांगलीच लागायची. तीच तर गोष्ट आहे.

जमनाचं लग्न झालं. निरोपाच्या वेळी गमलीबाईच्या गळ्यात सोडायला काही नव्हतं. ‘सरकारात भरली’ असं ती म्हणाली, पण तांड्यात कोण विश्वास ठेवणार? कागद कुठाय, पावती कुठाय? बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं — विकून खाल्ली याडी. लेकीच्या सासरीही तेच गेलं.

मग एका दुपारी जमना आमच्या घरी आली. कडेवर लेकरू. ओट्यावर टेकली नाही, उभीच राहिली. म्हणाली, “बाई, माह्या मायनं तुमच्याजवळ याडी देली व्हती का सरकारात भराले? माय म्हंते, देली. पावती असन तर दाखवा. मले सासरी न्यायची हाय.”

नाणं माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. बारा पावलांवर. मखमलीवर ठेवलेलं. हो म्हटलं असतं तर पावती आली असती, पावतीमागे वर्तमानपत्र आलं असतं, शाळा आली असती, एमए आली असती. एक शब्द. व्हय. एवढाच.

मी म्हणाले, “मला तर काही आठवत नाही गं.”

आणि चहा टाकू का, असं विचारलं.

तिने चहा घेतला नाही. लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि गेली. त्यानंतर ती आईच्या घरी यायची, कामापुरती, पण तिथलं पाणी प्यायची नाही. सोबत पाण्याची बाटली आणायची. हे मला तांड्यावरच्या बायकांनी सांगितलं, हळद काढता काढता, सहज.

त्या वर्षीही शेंगा आल्या. गमलीबाई नेहमीपेक्षा जास्त वेळ ओट्यावर बसली. निघताना म्हणाली, “बाई, तुमाले खरंच आठवत न्हाई का वो?” आणि तिच्यापुढे मला लगेच आठवलं! म्हणाले, “असं कसं? तेव्हाच भरलं की मी.” ती म्हणाली, “मंग जमनीले सांगा ना येकडाव.” मी म्हणाले, सांगते.

लेकीपुढे आठवत नाही, आईपुढे आठवतं. दोन्ही तोंडं माझीच. आणि ‘सांगते’ म्हणाले त्याला किती वर्षं झाली? जमनाचं ते कडेवरचं लेकरू आता दोन मुलांचा बाप आहे.

गमलीबाई मागच्या वर्षी गेली. जमना आली होती. बाटली घेऊन आली होती.

तरीही मी गप्प राहिले असते. खोटं नाही सांगत, राहिले असते. पण या हिवाळ्यात हिंगोलीत एका शाळेने माझ्या देवी मांडल्या. काचेखाली अकरा जणी, प्रत्येकीपुढे माझ्या अक्षरात चिठ्ठी. जवळा बाजार गावचा एक म्हातारा सोनार आला. पहिल्याच नाण्यापाशी थबकला आणि हसायला लागला. म्हणाला, “बाई, ह्ये भोक तर आमच्या वडलाच्या हातचं! तांड्यावरच्या नाण्यायले तेच भोक पाडत. देवीच्या डोस्क्याले लागू नये म्हून जरा डावीकडं घ्यायचे. दुसरा कोनी घेत नव्हता.” मग चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. शेतात सापडलं. पुन्हा भोकाकडे पाहिलं. आणि तराजूवालीकडे सरकला.

त्याने कुणाला काही सांगितलं नसतं. मला घाबरायचं कारण नव्हतं. पण तो माणूस देवीच्या डोक्याला लागू नये म्हणून भोक सरकवत होता, आणि मी — असो. संध्याकाळी मी काच उघडली, नाणं काढून घेतलं आणि मनाशी ठरवलं. ठरवल्यावर मी माझं ऐकते. म्हातारपणाचा हा एक फायदा.

जमना जवळा बाजारला लसूण-मिरची घेऊन बसते. बाजाराच्या दिवशी एसटीने गेले. सून म्हणाली, येते सोबत, म्हटलं, नको. मिरच्यांच्या ढिगापुढे उभी राहिले, तेव्हा ती जशी माझ्यापुढे उभी होती तशी, आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. तुझ्या आईने दिलं होतं. मी भरलं नाही. मला आठवत होतं.

जमनाने हात लुगड्याला पुसले, नाणं घेतलं. उलटंसुलटं केलं. चुणीतल्या पिवळ्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिने त्याला पावशेर मिरच्या दिल्या, सुटे परत केले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “म्हंजे मायनं विकली न्हाई.”

“नाही.”

“हे लिहून द्या बाई. तोंडी नको. तुमचं तोंड म्या येकडाव ऐकलं. लिहून द्या — तांड्यावर सगळ्यायसमोर वाचून घेईन.”

मी मान डोलावली. तिने बसा म्हटलं नाही, मीही बसले नाही.

त्या पेटीत आता दहा देवी आहेत. पहिल्या खाचेत काही नाही, आणि चिठ्ठीवर मी गमलीबाईचं नाव लिहिलंय. वर्तमानपत्राला हेच सगळं पाठवलंय. छापतील, न छापतील. पण तुम्ही वाचलंत ते मुळात जमनासाठी लिहिलेलं आहे. शेवटच्या ओळी तांड्यावर मोठ्याने वाचाव्यात:

तांड्यावरच्या गमलीबाईकडून चांदीचं एक नाणं मिळालं. बसलेली देवी, हातात लिंबाची डहाळी, डोक्याच्या डावीकडे भोक. तिने ते विकलं नाही. मी तिला घाबरवून घेतलं आणि ठेवून घेतलं.