बायकोनं बांधलेलं चाक

रिटायर झालो आणि घरात बसून मी नुसता खेकसायला लागलो. चहा गार का झाला, पेपर कुणी विस्कटला, एवढ्यातेवढ्यावरून. शुगर वाढली, पोट सुटलं. मग रेसिंगची सायकल घेतली आणि सकाळी सकाळी नांदेडच्या बाहेर पडायला लागलो. खोटं कशाला सांगू, त्या सायकलीनंच मला पुन्हा माणसांत आणलं. शुगर उतरली, बायकोशी दोन शब्द धड बोलायला लागलो.

म्हणून अहमदपूर रस्त्यावरच्या उताराला मागच्या चाकाचा स्पोक तुटून मी आपटलो, तेव्हा मोडलेल्या हाडापेक्षा मला सायकलीचीच काळजी. चाक कंपनीतून तयार आलेलं. दिसायला झक्कास, मोजकेच चपटे स्पोक. पण बसणारा गडी क्विंटलच्या घरातला! एक स्पोक तुटला आणि चाक वाकडं होऊन फ्रेमला घासून अडकलं.

बायकोनं दवाखान्यातच सांगून टाकलं, "बास झालं. सायकल विकायची."

"न्हाई विकणार."

"मग मला भरवसा वाटंल असं चाक आणा. न्हाईतर त्या सायकलीवर बसायचं न्हाई."

हाड जुळेपर्यंत मी दुसरं काही केलंच नाही, चाकांचाच विचार. लातूरचा सायकलवाला म्हणाला, "काका, कंपनीचंच घ्या, फक्त भारीतलं घ्या. हलकं हाय, मशीनवर तपासलेलं हाय. हातानं बांधलेलं चाक बांधणाऱ्यावर असतंय. चांगला भेटला तर सोनं, न्हाईतर सारखं आऊट काढत बसा." आऊट काढणं म्हणजे डुगडुगणाऱ्या चाकाचे स्पोक आवळून, सैल करून ते सरळ करणं. बोलणं त्याचं काही खोटं नव्हतं. पण कंपनीच्या चाकाचा तसला स्पोक नांदेडात न्हाई, लातुरात न्हाई. पुण्याहून येईस्तोवर बसा हात चोळत. हातानं बांधायचं तर बत्तीस साधे गोल स्पोक, एखादा तुटला तरी बाकीचे घरापर्यंत आणतात. माझ्यासारख्या वजनदार माणसाला तेच बरं, हे मला पटलं होतं. पण बांधणारा कुठून आणायचा? हैदराबादला विचारलं, पुण्याला फोन लावले.

बायको भाजी निवडत ऐकून राहिली होती. म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी मेले काय?"

अरे हाव की! तिच्या वडलांचं, म्हणजे दादांचं, उमरीला सायकलचं दुकान होतं. दुधाच्या कॅनी लादलेल्या सायकलींची चाकं ते बांधायचे, आणि शाळा सुटली की ही दुकानात. पण मास्तरीण झाल्यापासून तिनं पान्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

सामान आलं तशी ती अंगणात सतरंजी टाकून बसली. एकेक स्पोक तिरपा ओवत गेली. मग सायकल उलटी करून चाक फिरवायची आणि रिमजवळ खडू धरायची. जिथं खडू लागेल तिथं पाना. मधेच स्पोकच्या जोड्या मुठीत धरून अशी कचकचून दाबायची की कडकड आवाज यायचा.

"अगं, मोडतील!"

"आताच कडकडू द्या. रस्त्यात कडकडण्यापेक्षा बरं. तुम्ही च्या करा, जा."

मी गुमान चहा केला. पुन्हा दाबणं, पुन्हा आऊट काढणं. दुपार टळता टळता चाक असं फिरायला लागलं की बघतच राहावं.

मी हेल्मेट घालून तयार. अन् ही बया सायकलच सोडंना! हँडल धरून नुसती उभी. मी भडकलो. "द्यायची न्हाई तर बांधलं कशाला?"

"आमच्या दादांची एक रीत होती," ती म्हणाली. "नवं चाक बांधलं की आधी मला मागं कॅरेजवर बसवायचे अन् बाजारातून चक्कर मारायचे. मगच गिऱ्हाइकाला द्यायचे. म्हणायचे, आपलं लेकरू बसवायची छाती न्हाई, तर दुसऱ्याचं बसवू न्हाई."

"मग?"

"मग काय. हिला कॅरेज न्हाई. अन् बसवायला माझं माणूस तुमच्याशिवाय कोण हाय?"

तिनं हँडल सोडलं.

एवढी वर्षं हिनं माझं खेकसणं ऐकून घेतलं, वर हे. या बाईचे उपकार मी कुठं फेडू? डोळे पुसले आणि टांग मारली.

पुढं त्या उतारावरही गेलो. चाक सुतात चाललं होतं, जरासुद्धा हललं नाही. तरी मी ब्रेक धरूनच उतरलो. तिनं आपलं माणूस बसवलं होतं, ते तिला परत नेऊन द्यायचं होतं.