ट्रेखालचा निळा पंजा

जिना चढताना इन्तिसारचा पाय दुसऱ्या मजल्यावर हमखास रेंगाळायचा. जावेचं दार उघडं असलं तर नजर आत जायची, बंद असलं तर बाहेर टाकलेल्या खोक्याकडे. शहिनाझच्या दारात महिन्या-दोन महिन्यांनी एखादं रिकामं खोकं असायचंच. कधी मिक्सरचं, कधी पंख्याचं, एकदा तर कॉफीच्या यंत्राचं. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर भेंडीचा रस्सा खारट व्हायचा.

इजिप्तमधल्या मन्सूऱ्यातलं हे चार मजली घर सासऱ्यांनी बांधलेलं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पाणीपुरवठ्याच्या एकाच कचेरीत, एकाच पगारावर. थोरला भाऊ आखातात असता तर इन्तिसारने मनाची समजूत घातली असती. पण पगार सारखा आणि सामान वेगळं, हे कोडं तिला बावीस वर्षांत सुटलं नव्हतं.

"तुला काय कमी आहे गं?" नवरा सलामा विचारायचा.

"मला कमी काही नाही. तिला जास्त आहे."

जावा-जावा उभा दावा म्हणतात, पण दाव्याला दोन पक्ष लागतात. इथे एकटी इन्तिसारच भांडत होती, तेही मनातल्या मनात. शहिनाझ आपली हसतमुख, आणि त्या हसण्याचाच इन्तिसारला जास्त राग यायचा.

बाकी इन्तिसार हाताची गुणी. घरीच शिलाई करायची. तिने दुमडलेला झग्याचा घेर उलटा की सुलटा ते सांगावं लागे. गल्लीतल्या अर्ध्या नवऱ्या मुली तिच्या टेपाखालून गेल्या होत्या, आणि कुणाच्या कापडाची चिंधीसुद्धा तिने कधी ठेवून घेतली नाही. सुईच्या बाबतीत सरळ आणि जावेच्या बाबतीत वाकडी, असा तिचा स्वभाव.

तिच्या मुलीचं, मार्वाचं, लग्न जमत आलं. मुलाकडची माणसं सोयरीक पक्की करायची फातिहा पढायला येणार होती. मुलाची आई बदरिया मोठी चौकस. कुणाच्याही घरी गेली की आधी नीशसमोर उभी राहायची. नीश म्हणजे दिवाणखान्यातलं काचेचं कपाट. त्यातल्या कपांतून चहा प्यायलेला माणूस आमच्याकडे शोधून सापडायचा नाही, पण ते कप मोजल्याशिवाय सोयरीक होत नाही. आणि पाहुणे तिसऱ्या मजल्यावर येताना दुसऱ्यावर सलाम करायला थांबणार. तिथली झगमग बघून वर आल्यावर इन्तिसारच्या नीशमध्ये काय, तर मधला कप्पा रिकामा.

तिने मोबाइल उघडला. गावातल्याच एका दुकानाचा सोनेरी काठांचा चहाचा संच होता. सहा कप, किटली आणि खाली तसाच सोनेरी ट्रे. किंमत चौतीसशे पौंड. तेवढेच पैसे मार्वाच्या रुखवतातल्या धुलाई यंत्रासाठी ठेवलेले होते. संचाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चौदा दिवसांत परत करा, पैसे परत घ्या. लहान अक्षरांतही काहीतरी होतं. ते वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा शिलाईच्या टेबलावर होता. पाहुण्यांना दाखवायचा, कपाला ओठ लावू द्यायचा नाही, दहाव्या दिवशी परत. यंत्राचे पैसे यंत्राला.

संच कपाटात लागला त्या संध्याकाळी शहिनाझ वर आली. काचेपाशी थांबली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं."

एवढंच. मा शा अल्लाह नाही, काही नाही. दुसऱ्याची वस्तू वाखाणताना जी बाई मा शा अल्लाह म्हणत नाही, तिच्या नजरेचं काय सांगावं? मार्वा तान्ही असताना सासूने तिच्या अंगड्याला एक निळा पंजा टाचला होता, प्लॅस्टिकचा, बोराएवढा. दात आल्यावर मार्वाने तो चावून अंगठ्याचं टोक उडवलं होतं. तो पंजा इन्तिसारने डब्यातून काढला आणि ट्रेच्या खालून पक्क्या डिंकाने चिकटवून टाकला. आता कुणाचीही नजर येऊ दे.

फातिहा झाली. बदरियाबाई नीशसमोर तीन मिनिटं उभ्या राहिल्या. "वा! तुमची आवड राणीची आहे, मार्वाच्या आई." इन्तिसारचा दिवस सोन्याचा झाला. दहाव्या दिवशी तिने संच खोक्यात भरला, वर तीच चिकटपट्टी लावली आणि परत पाठवला. पंजा तिच्या लक्षातच राहिला नाही.

पैसे आले साडेपंचवीसशे.

तिने दोनदा पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं. नेण्या-आणण्याचा खर्च कापला, खोकं उघडल्याचा कापला, आणि शेवटी एक ओळ, 'वापराची खूण'. तिने दुकानाला फोन लावला.

"मॅडम, ट्रेखाली वस्तू चिकटवलेली आहे," तिकडचा माणूस म्हणाला.

"वस्तू कसली? पंजा आहे तो. नजर लागू नये म्हणून."

"म्हणजे माल वापरला."

"एक थेंब चहा पडला असेल त्यात तर माझी जीभ झडो. नुसता काचेआड होता."

"मग नजर कुणाची लागणार होती?"

याचं उत्तर इन्तिसारकडे होतं, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. "बरं, पंजा तरी परत द्या. मुलीचा आहे."

"निघत नाही, मॅडम. ओढला तर मुलामा निघतो. आता असाच स्वस्तात काढू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साडेआठशे पौंड म्हणजे सतरा झग्यांचे घेर. तिने ते घेर दुमडले, आणि प्रत्येक टाक्याला शहिनाझच्या नावाने बोटं मोडली. ती नीट मा शा अल्लाह म्हणाली असती तर पंजा लावावा लागला असता का?

त्यात नवऱ्या मुलाला सुट्टी लवकर मिळाली. दोन महिन्यांनी मुलीच्या अंगावर सोनं घालायला येणारी माणसं वीस दिवसांतच येतो म्हणाली. नीशचा मधला कप्पा पुन्हा उघडा पडला होता. इन्तिसारने तिथे प्लॅस्टिकची फुलं ठेवली आणि ती आणखीच केविलवाणी दिसली.

पाहुणे येऊन बसले. बदरियाबाई सवयीने काचेकडे निघाल्या. फुलांकडे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "मार्वाच्या आई, तुमचा तो सोनेरी संच कुठे गेला?"

इन्तिसार ती फुलं सरळ करू लागली. विकला म्हणावं, फुटला म्हणावं की मागून आणला होता म्हणावं? काहीही म्हटलं तरी मुलीची मान खाली. इतक्यात दारातून शहिनाझ आत आली. तिच्या हातात सोनेरी ट्रे होता आणि सहाही कपांतून चहाची वाफ निघत होती.

"हा काय, इथेच आहे," ती बदरियाबाईंना म्हणाली. "माझी जाऊ म्हणाली, सोयऱ्यांसाठी नाही काढायचा तर कुणासाठी?"

बदरियाबाई खूश. कप हातोहात गेले. इन्तिसारने रिकामा ट्रे घेऊन स्वयंपाकघर गाठलं आणि तो उलटा केला. निळा पंजा, अंगठ्याचं टोक उडालेला.

शहिनाझ मागून आली. "त्याच दुकानातून आणला. मी नवं घेते कुठे? परत आलेलाच माल घेते. कुणाचं खोकं फाटलेलं, कुणाचा पंखा उघडलेला. हा उलटा केला आणि मार्वाचे दात ओळखले. तेव्हाच ठरवलं, तुला लागला की वर आणायचा."

बावीस वर्षांचं कोडं तीन वाक्यांत सुटलं. तरी इन्तिसारच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कितीला?"

"एकोणतीसशे."

"माझे साडेआठशे कापले आणि तुला पाचशेच सोडले?"

"चोर मेले," शहिनाझ म्हणाली. "लग्नापर्यंत तुझ्या कपाटात राहू दे. पंजा मात्र काढायचा नाही हं. बावीस वर्षं माझ्या दारातली खोकी बघतेस, एकदा तरी मा शा अल्लाह म्हणालीस?"

आणि ती हसत बाहेर गेली. इन्तिसार ट्रे छातीशी धरून उभी राहिली. आभार मानायला हवे होते, हे तिला कळत होतं. पण खरं सांगायचं तर तिला त्या मोकळ्या हसण्याचा हेवाच वाटला. मिक्सरचा वाटला नव्हता, पंख्याचा वाटला नव्हता, एवढा.