मुडद्याचं उजवं

परळच्या एका मेडिकल कॉलेजात मुडदे कापायच्या हॉलवर दगडू परब बत्तीस वर्षं शिपाई. सातवी नापास, पण कान असे तिखट की प्रोफेसर बोलले ते याच्या डोक्यात पक्कं. मांडीचं हाड फीमर, नडगीचं टिबिया, बेंबीभोवतीचा भाग अंबिलिकल, त्याच्या वरचा एपिगॅस्ट्रिक. पोटाचे नऊच्या नऊ भाग तो घडाघडा म्हणायचा. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचा, "टेबलाच्या कुठल्याही अंगाला उभे राहा, उजवं म्हणजे मुडद्याचं उजवं. आपलं नाही!"

तोंडी परीक्षेत तर तो देवच. परीक्षक हाड पुढे करून विचारणार, हे कुठल्या पायाचं? पोरगं घामाघूम. मागे फडका घेऊन उभा असलेला दगडू हळूच स्वतःचा उजवा नाहीतर डावा पाय खाजवणार. झालं, पोरगं पास! बदल्यात कुणाचा कटिंग चहासुद्धा घेतला नाही बाबाने.

रिटायर व्हायला वर्ष राहिलं तेव्हा टेक्निशियनची जागा निघाली. पांढरा कोट, छातीवर नावाची पट्टी. जन्मभर 'ए दगडू' ऐकलेल्या माणसाला तेवढंच हवं होतं. बायकोने, गंगुबाईने, लालबागच्या चाळीत आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं.

मुलाखतीला मधल्या खुर्चीत विभागप्रमुख डॉक्टर उन्मेष. इथेच शिकलेला पोरगा! दगडू खुलला, फटाफट उत्तरं देत सुटला. बाहेरून आलेल्या साहेबांनी कौतुकाने विचारलं, "कुठे शिकलात हे सगळं?"

आणि या येड्याने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. "इथंच, साहेब. उन्मेष सरांना विचारा की! त्यांच्या परीक्षेत पोटरीतलं बारीक हाड आलं, सर अडकले. मी उजवा पाय खाजवला तेव्हा सुटले."

साहेब हसले. उन्मेषही हसला, कानापर्यंत लाल होऊन. जागा दुसऱ्याला गेली.

महिन्याभराने तोंडी परीक्षा. उन्मेष म्हणाला, "आज हाडं नकोत, जिवंत माणसावर विचारतो. दगडू, शर्ट काढ. चढ स्टुलावर. तळहात पुढे, पुस्तकातल्या आकृतीसारखे. आणि हलायचं नाही, तुझे हात-पाय फार बोलतात."

साठीला टेकलेला माणूस, सुटलेलं पोट, वीस पोरं समोर. उन्मेषने मार्करने त्या पोटावर आडव्या-उभ्या रेघा मारून नऊ चौकोन पाडले. पोरं खुसखुसली. दगडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिली मनवा आली. आठवडाभर दुपारच्या सुट्टीत दगडूनेच तिला हे सगळं शिकवलं होतं, स्वतःचा डबा थंड होऊ देऊन. तिला पाहून त्याला जरा धीर आला. ही तरी एकदा काका म्हणेल, असं त्याला वाटलं.

मनवाने पेनाच्या टोकाने नऊच्या नऊ चौकोन टोचून दाखवले. एकदाही चुकली नाही. त्याच्या तोंडाकडे मात्र तिने पाहिलंच नाही.

"उजवी बाजू कुठली?" उन्मेषने विचारलं.

पोरीने पाठ केलेलं ठणकावून सांगितलं, "मुडद्याचं उजवं ते उजवं, सर."

हॉल हास्याने दणाणला. "शाबास," उन्मेष म्हणाला, "पुढचा."

अजून एकोणीस पोरं बाकी होती. दगडू तळहात पुढे धरून उभा राहिला.