खऱ्या रंगाची स्क्रीन

माझा धाकटा भाऊ बाटल्यांवरची लेबलं करतो. 'करायचा' असं म्हणायला अजून माझी जीभ वळत नाही. जॅमच्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या, साबणाचे खोके. दुकानाच्या फळीवर दहा वस्तू सारख्या असतात आणि तुमचा हात नेमका एकीकडे जातो ना, ती त्यानं सजवलेली असायची. लहानपणी घराच्या भिंती रंगवल्या म्हणून त्यानं माझ्या हातचा मार खाल्ला, आणि मोठेपणी त्याच खोडीवर संसार चालवला. रंगाच्या बाबतीत महा हट्टी. मी साधं उशीचं कापड घ्यायला निघाले तरी मागं लागायचा, "ताई, तुला रंगातलं ओ की ठो कळत नाही, मी येतो." माझा लाल स्वेटर त्यानंच निवडलेला. त्याच विणीचा हिरवा त्यानं बायकोला घेतला, म्हणजे नणंद-भावजयीत कुरबूर नको.

मग त्याला टीबी झाला. रोज सकाळी मूठभर गोळ्या सुरू झाल्या. अंगात जीव नव्हता, तरी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम चालूच. हळूहळू खोकला उतरला, गालांवर मांस आलं, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. अशातच एकदा तो मला म्हणाला, "ताई, हा मातकट स्वेटर टाकून दे आता."

मला राग आला. "स्वतःच निवडायचा आणि स्वतःच नावं ठेवायची?"

एरवी त्यानं माझी खेचली असती. त्या दिवशी तो नुसता स्वेटरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "धुऊन धुऊन उतरला असेल." मी साबणाला दोष दिला आणि विसरून गेले.

थोड्याच दिवसांत छापखान्याचे मालक स्वतः घरी आले. हातात सरबताच्या लेबलांचा गठ्ठा. भल्या माणसानं आधी तब्येतीची चौकशी केली, पाणी प्यायलं, आणि मग एक लेबल त्याच्यासमोर ठेवलं. पानं अशी जहरी हिरवी की प्लास्टिकची वाटावीत, आणि स्ट्रॉबेरी नुसती भडकलेली.

"अख्खा लॉट वाया गेला," मालक म्हणाले. "तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं. आता बाळांच्या खाऊच्या खोक्यांचं मोठं काम आलंय. ते नीट झालं तर वर्षभर बघायला नको. नाही झालं, तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल. राग मानू नका."

ते गेल्यावर भावानं लॅपटॉपची स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ही बघ. हिच्यावर सगळं मळकट दिसतं, म्हणून मी रंग चढवत जातो, आणि छापून येतं ते असं. ही स्क्रीनच खोटं बोलते." स्क्रीन जुनी होती हे खरं. कोपऱ्यात पिवळी पडलेली मलाही दिसत होती. मी मान डोलावली.

पैशांची अडचण होती, कारण आजारपणानं घर धुऊन नेलं होतं. माझ्या दाढेसाठी ठेवलेले पैसे तेवढे शिल्लक होते. म्हटलं, घे, मी आणखी काही महिने एका बाजूनं चावेन. पण पैसे माझे, तेव्हा दुकानात मीही येणार, असं मी बजावलं.

लॅपटॉप दुरुस्त करणारा माणूस मोठा बडबड्या, पण प्रामाणिक. त्यानं लॅपटॉप सुरू केला, भावाची एक फाइल उघडली, आणि ती उघडेपर्यंत आम्हा दोघांना चहा पाजला.

"साहेब, पहिली रॅम वाढवा," तो म्हणाला. "आहे तिच्या दुप्पट. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. मशीन पळायला लागेल. ग्राफिक्स कार्डाचा विचारच करू नका, या मॉडेलात ते बोर्डालाच जोडलेलं आहे, बदलता येत नाही. आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. एवढ्या पैशांत एक तर रॅम आणि डिस्क येईल, नाही तर चांगली स्क्रीन. दोन्ही नाही."

"स्क्रीनच द्या," भाऊ म्हणाला. "जास्तीत जास्त रंग दाखवणारी."

"अहो, पण हा असा रखडतोय…"

"रखडू दे. वेग नसला तर मी थांबेन. पण रंग खोटा असला तर मी काय करू?"

मला त्याचं म्हणणं पटलं. मी पैसे काढून दिले.

स्क्रीन बसली तेव्हा आम्ही समोरच होतो. दुकानदारानं स्ट्रॉबेरीचा फोटो उघडला आणि कौतुकानं मागं सरकला. भावानं वाकून बघितलं. मान तिरकी करून बघितलं. मग त्याचा आवाज चढला. "ही स्वस्तातली टाकलीत तुम्ही. काही फरक नाही."

दुकानदार दुखावला. त्यानं दुसऱ्या कुणाचा तरी जुना लॅपटॉप शेजारी ठेवला आणि त्यावर तोच फोटो लावला. रंगातलं ओ की ठो न कळणारी मी, पण मलाही दिसलं. जुन्यावर फिक्कट, विटलेली फळं होती. नवीनवर इतकी लाल, की माझ्या दुखऱ्या दाढेखाली पाणी आलं.

"बघा," दुकानदार म्हणाला.

"दोन्ही सारख्याच आहेत," भाऊ म्हणाला.

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मला त्याचं ते 'मातकट' आठवलं. मी हात पुढं केला, अंगातल्या लाल स्वेटरची बाही त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "हा रंग कुठला रे?"

"मातकट. तुला सांगितलं होतं ना तेव्हाच." एवढं बोलून तो थांबला. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दुकानदाराच्या. लॅपटॉप त्यानं स्वतःच्या हातानं मिटला.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे सांगितलं. त्या गोळ्यांतल्या एकीनं क्वचित कुणाला असं होतं. आधी लाल-हिरव्यातला फरक जातो. "डोळ्यांत काही वेगळं वाटलं तर लगेच या, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," ते म्हणाले.

"मला सगळं दिसत होतं हो," भाऊ म्हणाला. "मला वाटलं, स्क्रीन गेली."

ती गोळी बंद झाली. नजर परत येते बऱ्याच जणांची, काहींची येत नाही. वाट बघा, म्हणाले. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं, हेही म्हणाले. ते त्यांनी बोलायला नको होतं.

तरीही खोक्यांचं काम त्यानं करून बघितलं. साधे रंग त्याला आकड्यांनी पाठ होते, ते त्यानं बसवले. पण बाळाच्या गालांना आकडा कुठून लावणार? भावजय डोळे होऊन शेजारी बसली. तो विचारायचा, "पान कसं हिरवं आहे? कोवळं की जून?" ती बिचारी म्हणायची, "हिरवं म्हणजे… हिरवंच की हो." तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं स्वतःच छापखान्यात फोन केला आणि दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं.

आता तो पावत्या आणि फॉर्म जुळवून देतो. सगळं पांढऱ्यावर काळं. त्या कामाला रंग लागत नाही, वेग लागतो, आणि लॅपटॉप रडतखडत चालतो. दुकानदारानं आपण होऊन सांगितलं, बसवलेला माल मी परत घेत नाही, पण तुमची स्क्रीन घेतो, बदल्यात रॅम घालून देतो. भाऊ नको म्हणाला. "डोळे आले तर लागेल."

रोज सकाळी मी तो लाल स्वेटर घालून त्याच्यासमोर उभी राहते. थंडी केव्हाच सरली. शेजारणी हसतात, हसू देत. तो बघतो आणि म्हणतो, "मातकट." मी म्हणते, "बरं." आणि चहा ठेवायला जाते.

काल माझा स्वेटर धुऊन दोरीवर होता, म्हणून मी भावजयीचा हिरवा अडकवला आणि सवयीनं त्याच्यासमोर गेले. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा खुलला, की किती महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता.

"ताई, आज लाल दिसतोय गं. थोडासाच, पण लाल आहे."

भावजय दारातच उभी होती. माझ्या अंगावरचा आपला स्वेटर तिनं बघितला आणि तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "दिसणारच. तूच निवडलायस ना."

तो उठला. "छापखान्यात फोन करतो," म्हणाला, आणि फोन शोधायला आत गेला. त्याला थांबवायचं होतं मला, पण मी चहा ठेवायला गेले.