साळवी बाईंनी तपासलेलं पत्रक

साळवी बाई गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर वाचलं तेव्हा मी ऑफिसात जेवणाआधीचं इन्सुलिन घेत होते. सुई टोचल्यावर दहा मोजायचे असतात. मी मोजले, सुई काढली आणि मग रडले... त्याला आता महिना होईल.

मला डायबेटिस झाला नवव्या वर्षी. विक्रोळीच्या आमच्या शाळेत चौथीला साळवी बाई वर्गशिक्षिका होत्या. मालवणकडच्या, खणखणीत आवाजाच्या. वर्गात कुणी खाल्लेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. एकदा गणिताच्या तासाला माझी रक्तातली साखर उतरली, हात थरथरायला लागले, म्हणून दप्तरातून खडीसाखरेची पुडी काढली. बाईंनी ती काढून घेतली. "डायबेटिस ना गं तुला? आणि साखर चघळतेस? सांगू तुझ्या आवशीक? आईला ठाऊक आहे हे?" त्यांना वाटलं, त्या मला वाचवतायत. पुडी परत मागायला मी टेबलापर्यंत गेले आणि मटकन खाली बसले. शब्द फुटेना. शेवटी माझी मैत्रीण रेश्मा ओरडली, "बाई, तिला साखरच द्यायची असते!" आणि पुडी उचलून तिनेच मला खडे भरवले.

आमच्या घरात पत्रकं आधी आली, गोष्टीची पुस्तकं नंतर. पप्पा कंपनीत कामगार आणि युनियनचे लिहिते हात. त्याच संध्याकाळी त्यांनी मजकूर तयार केला : 'आजारी मुलीची साखर हिसकावणाऱ्या शिक्षीकेचा जाहीर निषेध!' खाली बाईंचं नाव, ठळक.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच आमच्या खोलीवर आल्या. आई पाणी आणायला उठली, पप्पांनी कागद पुढे केला. बाईंनी तो शांतपणे वाचला, पर्समधून लाल पेन काढलं आणि 'शिक्षीकेचा'मधली दुसरी वेलांटी पहिली केली.

"बरोबर लिहिलंत. पण अर्धंच लिहिलंत. माझं काय चुकलं ते आहे. मी काय करायला हवं होतं, ते कुठेय?"

बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. मी लिहिते."

रोज आम्हाला श्रुतलेखन घालणाऱ्या बाईंना त्या दिवशी मी श्रुतलेखन घातलं. हात थरथरले तर आधी साखर द्या. प्रश्न नंतर विचारा. एकटीला कुठे पाठवू नका... बाई लिहीत होत्या, एक शब्द न बदलता.

"आता छापा. आणि माझं नाव काढू नका हां."

पप्पाच चरकले. "बाई, नोकरीचं काय?"

"नावाशिवाय कोण वाचणार?"

पत्रक छापून आलं तेव्हा बाईंनी ते स्टाफरूमच्या कपाटावर स्वतःच्या हाताने चिकटवलं आणि भर वर्गात म्हणाल्या, "त्या दिवशी माझं चुकलं." पुढे मी पुष्कळ पत्रकं वाचली, काही लिहिली, मोर्चात वाटली. ज्याचा निषेध, त्यानेच ते पुरं करून सगळ्यांसमोर लावलंय, असं पुन्हा कधी पाहिलं नाही. अजूनही विश्वास बसत नाही.

गेल्या आठवड्यात शोकसभेसाठी शाळेत गेले. कपाट तेच, पत्रक पिवळं पडलेलं, खालच्या खणात खडीसाखरेची भरलेली बरणी. मुख्याध्यापिका सांगत होत्या, प्रत्येक नव्या शिक्षिकेला बाई पहिल्याच दिवशी ते पत्रक वाचायला लावत, आणि तिने "या साळवी कोण हो?" विचारलं की म्हणत, "मीच ती."

मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "आता त्या नाहीत गं. बरं दिसत नाही. नावावर पट्टी लावूया का?"

"नको," मी म्हणाले. "त्यांनी काढू नका म्हटलं होतं."

कागदाचा एक कोपरा सुटला होता. तो अंगठ्याने दाबून धरला... मोजून दहा.