डाव्या पायातला बूट

मुंबईच्या मुलांना दोन्ही पायांनी फुटबॉल खेळायला मी शिकवलं, असं माझ्या सत्कारांत सांगतात. मी खेळाडू होतो, प्रशिक्षक झालो, पुढे मुलांच्या संघांचा तांत्रिक संचालक झालो. पण ते श्रेय परळच्या एका गिरणी कामगाराचं आहे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ असला की ते सकाळी मोर्चाला जात आणि दुपारी मैदानावर येत. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. नाव कुणी विचारलंच नाही. आम्ही पोरं अनवाणी खेळायचो. ते स्वतःच्या जुन्या बुटांपैकी एक माझ्या डाव्या पायात चढवत, दुसरा एका डावखुऱ्याच्या उजव्या पायात. गोल फक्त बुटाच्या पायाने मारायचा.

"मास्तर, लंगडी घातल्यासारखं वाटतं," मी कुरकुरलो.

"उजवो पाय आवशीन दिल्यान," नाडी आवळत ते म्हणाले, "डावो तू कमव." आवस म्हणजे आई, एवढी त्यांची मालवणी मला कळायची.

पुढे माझा डाव्या पायाचा गोल गाजला. कुठे शिकलास, असं विचारल्यावर मी म्हणालो, "आपोआप."

आजही माझी मुलं सरावाला एकाच पायात बूट घालतात. परवा एकाने विचारलं, "सर, ही आयडिया तुमची?"

"नाही रे, आमच्या मास्तरांची," मी म्हटलं, आणि वाकून त्याची नाडी आवळली.