वरून पाणी

"ओंजळ धर. हात वर नको आणू."

पातूरजवळच्या एका महारवाड्यात गावच्या देशमुखांनी मला पाणी पाजलं ते असं. हातभर उंचावरून, तांब्याच्या लोट्यातून. निम्मं सदऱ्यावर सांडलं. गळ्यात समितीचा कॅमेरा होता. त्याला मी हात लावलेला चालत होता. लोट्याला नाही.

पटकीची साथ होती. देशमुख मदत समितीचे अध्यक्ष. साथीचा सिनेमा काढायचा, अमरावतीच्या श्रीमंतांना दाखवायचा आणि औषधं मिळवायची, असं ठरलं होतं. मी अकोल्याच्या सिनेमाघरात मशीन चालवत शिकलेला महार. यादी केल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. त्या दिवशीच्या यादीत शेवटचं काम होतं: अध्यक्ष आजाऱ्याला पाणी पाजताना.

एक म्हातारी दाराशी गोधडीवर पडली होती. मी कॅमेरा तिवईवर चढवला, चावी भरली, खटका दाबून अडकवला. घरघर सुरू झाली. देशमुख वाकले नाहीत.

"ओंजळ धर, बुढे."

तिचे हात उठलेच नाहीत. पाणी तोंडावर पडलं, नाकात गेलं. ती ठसकली. मग ओठांवरचे थेंब चाटू लागली.

मी भ्यालो. पटकीला नाही, लोट्याला. कोसभरावर माझी आई राहत होती. तिच्या वस्तीला देशमुखांच्या विहिरीवर कुणी वरून ओतलं तरच पाणी मिळायचं.

तरी गेलो. त्यांच्या हातातला लोटा घेतला, म्हातारीचं डोकं मांडीवर टेकवलं, लोटा ओठांना लावला. ती घटाघट प्यायली.

"लोटा बाटवला रे यानं!" मागून कुणी ओरडलं.

देशमुख मागे सरले. "आता तुह्याच घरी ने तो."

कॅमेरा चालूच होता. चावी संपेपर्यंत.

आठवड्यानं अमरावतीत देशमुखांनी फिल्म पाहिली. मशीनपाशी मी. वाटलं, वरून ओतलेलं पाणी पाहून मान खाली घालतील. ते तर खूश झाले.

"झकास दिसून राह्यलं. फक्त तू मंधात आला ना, तितून पुढचं कापून टाक."

वरून ओतण्यात काही वावगं त्यांना दिसलंच नव्हतं. म्हातारी तोवर गेली होती.

"नाही कापत, साहेब." माझा आवाज फाटला.

"मंग कॅमेरा ठेव. आन् तुह्या मायले सांगजो, आमच्या हिरीकडे फिरकाचं नाही."

कॅमेरा ठेवला. फिल्म सदऱ्याखाली घातली आणि बाहेर पडलो. मोटारीच्या अड्ड्यावर उभ्यानं यादी केली. पहिलं काम, आईला अकोल्याला आणणं.

पुढं दुसरा कॅमेरा मिळाला, दुसऱ्या साथी आल्या. अजूनही भितो. ती फिल्म मात्र दाखवतो ती अख्खी, एक चौकटही न कापता. सामानाच्या यादीत कॅमेऱ्याच्या वर तो लोटा असतो. आधी पाजायचं, मग खटका दाबायचा. ज्याला हे मंजूर नाही, त्याचा सिनेमा मी काढणार नाही.